ई-रीडर घेताना : आधी किताब पाहा, मग इंच

दुकानात बसणाऱ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही, असे आपण सर्रास म्हणतो. खरे पाहता दुपारी जोहरनंतर बाजार थंड असतो आणि तास-दीड तास हाताशी असतो. हा वेळ हल्ली मोबाईल खाऊन टाकतो. म्हणूनच फक्त वाचनासाठी बनवलेल्या यंत्राची, म्हणजे ई-रीडरची, चौकशी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंमध्ये होऊ लागली आहे. मात्र बरे यंत्र दहा-पंधरा हजारांच्या खाली क्वचितच मिळते. एवढ्या रकमेत लूमवाल्याचे किंवा शिलाईवाल्याचे घर काही दिवस चालते. तेव्हा माल पारखून घेतलेला बरा.

हे यंत्र वेगळे कसे?

मोबाईलच्या काचेमागून प्रकाश येतो आणि तो थेट डोळ्यांत शिरतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे व पांढरे कण असतात. दोन्ही कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात व दुसरे खाली जातात. अक्षर एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, पान बदलतानाच लागते. यामुळे एका चार्जिंगवर यंत्र कित्येक दिवस, कधी काही आठवडे चालते. उन्हात अक्षर फिके पडत नाही, उलट ठळक दिसते. हे तंत्र विकसित करणारी ई इंक कंपनी अमेरिकेत १९९७ साली निघाली. अॅमेझॉनचे किंडल २००७ साली आले आणि मग हा माल घरोघरी पोहोचला.

इंच तिरका मोजतात

कापड घेताना आपण पन्हा पाहतो. ई-रीडरचा इंच मात्र पन्हा नव्हे. तो एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला असतो. सहा इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ९ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच भरतो. सात इंची १०.७ बाय १४, तर १०.३ इंची सुमारे १५.७ बाय २१ सेंटिमीटर. आपले नेहमीचे डेमी आकाराचे पुस्तक सुमारे १४ बाय २१.५ सेंटिमीटर असते. म्हणजे त्याचे पूर्ण पान सहा इंची पडद्यावर निम्म्याहून थोडे मोठे दिसेल, सात इंचीवर दोन तृतीयांश, आणि १०.३ इंचीवर जवळजवळ मूळ आकारात.

दुसरा आकडा ठिपक्यांचा. कापडाचा दर्जा आपण इंचात किती तार यावरून ओळखतो, तसे येथे इंचात किती ठिपके ते पाहावे. ३०० ठिपक्यांवर अक्षर छापील पुस्तकासारखे स्वच्छ दिसते. काही मोठ्या पडद्यांवर २२७ ठिपके असतात. मोठ्या अक्षराला ते चालतात, पण बारीक अक्षराच्या कडा थोड्या खरबरीत दिसतात.

वाहता मजकूर आणि बांधलेले पान

सगळी गोम येथे आहे. ई-पुस्तके दोन जातींची असतात. पहिल्या जातीत मजकूर वाहता असतो. ईपब किंवा किंडलची पुस्तके अशी असतात. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने बसतात, पाने वाढतात, पण वाचायला त्रास होत नाही. मराठी व इंग्रजी पुस्तके या रूपात विकत मिळतात. त्यांच्यासाठी सहा-सात इंची यंत्र पुरेसे आहे. ते खिशात किंवा गल्ल्याशेजारी ठेवता येते आणि एका हाताने धरता येते.

दुसरी जात पीडीएफची. हिच्यात पान बांधलेले असते, छायाचित्रासारखे. लहान पडद्यावर संपूर्ण पान लहान होते. मोठे करून पाहावे तर प्रत्येक ओळीला पडदा इकडून तिकडे सरकवत बसावे लागते. अशा तऱ्हेने दहा पानेही वाचून होत नाहीत.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आहे आणि घरात उर्दू किताबांचीच आवड आहे. या किताबा बहुतेक बांधलेल्या पानांच्याच मिळतात. जुन्या किताबा कातिबांच्या हातच्या. नंतरच्या इनपेजवर जुळवलेल्या, आणि इनपेज आले १९९४ च्या सुमारास. दोन्हींच्या स्कॅन केलेल्या पीडीएफच हाती येतात. त्यात नस्तालीक खत तिरका उतरतो, शब्दावर शब्द चढतो. बे, पे, ते आणि से यांत फरक असतो तो केवळ नुक्त्यांचा. पान निम्मे झाले की नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि चाळिशी पार केलेल्या माणसाला अंदाजाने वाचावे लागते. तेव्हा उर्दू स्कॅनसाठी यंत्र हवे असेल तर सात इंचाच्या खाली जाऊ नये. नजर कमजोर असल्यास दहा इंचीच घ्यावे, नाहीतर पैसे राखून ठेवावेत.

वाहत्या मजकुराच्या उर्दू किताबाही आता काही मिळतात, पण यंत्रात नस्तालीक फाँट नसेल तर मजकूर नस्ख खतात दिसतो. गुगलने २०१४ साली नोटो नस्तालीक हा मोफत फाँट दिला आहे. आपल्या यंत्रात बाहेरचा फाँट घालता येतो का आणि पाने उजवीकडून डावीकडे उलटतात का, हे आधी विचारावे. रेख्ताच्या ई-लायब्ररीतील किताबा त्यांच्या संकेतस्थळावरच वाचायच्या असतात. त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागतो. तो महाग पडतो व त्याची बॅटरीही लवकर उतरते.

हाफिज साहेबांसाठी एक गोष्ट. हिफ्ज करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आयतीची पानावरील जागा ठरलेली असते. त्यामुळे १५ ओळींच्या मुसहफचे बांधलेले पानच घ्यावे, वाहता मजकूर नव्हे. तजवीदचे रंग साध्या पडद्यावर करडे दिसतात, हेही ध्यानात ठेवावे.

बाकीच्या सोयी

समोरून पडणारा दिवा आता बहुतेक यंत्रांत असतो. त्याचा प्रकाश पिवळसर करता येत असेल तर रात्री बरे वाटते. सोळा जीबी जागा पुष्कळ झाली. वाहत्या मजकुराची पुस्तके एक-दोन एमबीची असतात. स्कॅन मात्र पन्नास-शंभर एमबीपर्यंत जाते, तरी शंभर-दोनशे किताबा सहज मावतात. पाण्यापासून संरक्षण असल्यास उत्तम. ते रंगाई-धुलाईच्या कारखान्यात विशेष उपयोगी पडते.

रंगीत पडदाही मिळतो. त्यातील कॅलिडो ३ जातीच्या पडद्यावर काळे अक्षर ३०० ठिपक्यांचे, पण रंग १५० चा आणि फिका असतो. साडीची डिझाइन किंवा शेड कार्ड गिऱ्हाइकाला यावर दाखवू नये. माल एक आणि रंग दुसरा, असा वाद उभा राहील.

विकत घेतले, पण मालक कोण?

व्यापाऱ्याने हा मुद्दा नीट समजून घ्यावा. ऑनलाइन दुकानातून घेतलेले ई-पुस्तक म्हणजे बहुधा वाचण्याचा परवाना असतो, माल नव्हे. २००९ साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे मात्र परत केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने खरेदी केलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोयही बंद केली. म्हणून जी किताब आयुष्यभर जवळ हवी, ती कागदावरच घ्यावी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आपल्या देशात लेखकाच्या वफातीनंतर ६० वर्षे हक्क चालतो. हयात लेखकाची चोरटी पीडीएफ उतरवणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातून गाठोडे उचलण्यासारखेच आहे.

पैसे मोजण्याआधी

किंडल पेपरव्हाइटचे सात इंची नवे यंत्र एप्रिल २०२५ मध्ये भारतात १६,९९९ रुपयांना आले. दर बदलत राहतात, पण अंदाजाला हा आकडा उपयोगी पडेल. बाहेरून आणलेल्या यंत्राची हमी येथे चालते का, हे लेखी विचारून घ्यावे व पक्के बिल घ्यावे. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांत बँक बहुधा व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देतो, म्हणून ते दिसत नाही. कार्डाचा कागद वाचून मगच ठरवावे. रोख घेणे सर्वांत सोपे.

शेवटी एक साधी युक्ती. आपण खरोखर वाचणार आहोत अशा पाच किताबांची नावे कागदावर लिहा. त्यांतील तीन मराठी-इंग्रजी वाहत्या मजकुराच्या असतील तर सहा-सात इंची घ्या. तीन उर्दू स्कॅनच्या असतील तर मोठे घ्या, आणि शक्य असल्यास त्यांपैकी एक पीडीएफ ओळखीच्या माणसाच्या यंत्रात घालून वीस पाने वाचून पाहा. पाच नावेच सुचली नाहीत, तर यंत्र घेऊ नका. जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरा, ती स्वस्त पडेल.