चंदनाला गाभा कुठून येतो?

चामराजपेटमधल्या टिपूच्या उन्हाळी महालाकडून सिटी मार्केटकडे चालत गेलात, तर पूजेचं सामान आणि काष्ठौषधी विकणारी दुकानं दिसतील. इथे त्यांना 'ग्रंथिगे अंगडी' म्हणतात. चंदनाचे दोन तुकडे मागून बघा. जाडी सारखी, लांबी सारखी, पण किमतीत बरंच अंतर. एक पांढुरका, दुसरा पिवळसर तपकिरी. सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळले की का, ते नाकालाच कळतं.

झाड एकाच जातीचं असतं. पण चंदनाचा वास असतो तो आतल्या गाभ्यात आणि मुळांत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नाही. गाभा धरायलाच साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. गंमत अशी की सुपीक, ओलसर जमिनीत हे झाड भराभर वाढतं, पण त्या मानानं गाभा कमी धरतं. लाल, मुरमाड, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या जमिनीत ते रेंगाळत वाढतं आणि गाभा सुगंधी होतो. जुन्या म्हैसूर भागात नेमकी अशी जमीन आहे, उंची आहे, पाऊस बेताचा आहे. टिपूनं 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि 1916 मध्ये म्हैसूरला चंदन तेलाचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागे ही माती होती.

झाड असं का वागतं? त्याला पळता येत नाही. ऊन, पाण्याची ओढ, कीड यांना तोंड देण्यासाठी ते जी रसायनं तयार करतं, त्यांतलीच बरीच आपण औषध म्हणून वापरतो. अर्थात हाल अति झाले तर झाडच जातं.

हल्ली आपल्याकडेही शेतात चंदन लावायची हौस वाढली आहे. लावणार असाल तर आधी जमीन बघा. काळ्या चिकण मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात. आणि चंदन एकटं नीट जगत नाही. शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ते अन्नपाणी घेतं. म्हणून सुरुवातीला सोबत तूर लावतात, पुढे मोठं झाड. हे मला ठाऊक नव्हतं. गॅलरीतल्या कुंडीत एकटं रोप लावून रोज प्रेमानं पाणी घालत होते. वर्षभरात गेलं.

प्रत्येक वनस्पतीची मागणी निराळी. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरची अश्वगंधा नावाजलेली आहे. तिला हलकी, निचऱ्याची जमीन आणि मुळं भरताना कोरडी हवा लागते. ओल जास्त झाली की मुळं बिघडतात, आणि औषध तर मुळातच. याउलट ब्राह्मीला पाणथळ जागाच मानवते. दोघींच्या कुंड्या शेजारी ठेवून एकाच झारीनं सारखं पाणी घालाल, तर एक नक्की रुसणार.

आपल्या जुन्या वैद्यांना हे पक्कं माहीत होतं. चरकसंहितेत जमिनीचे तीन प्रकार दिले आहेत: कोरडा जांगल, पाणथळ आनूप आणि दोन्हींच्या मधला साधारण. वनस्पती कुठून घ्यावी आणि कुठून घेऊ नये, हेही तिथे आहे. वारुळाची आणि खारवट जागा टाळायला सांगितली आहे. आज आपण पुडीवरची किंमत आणि तारीख वाचतो, पण माल कुठल्या भागातला हे क्वचितच विचारतो. दुकानात तेवढं विचारून बघा. जुना दुकानदार असेल तर गावासकट सांगतो, आणि नुसतेच खांदे उडवले तर तेही उत्तरच.

गॅलरीतल्या तुळशीपासून सुरुवात करा. खोलीत ठेवलेली तुळस लांबट, फिकट होते. तिला भरपूर ऊन द्या, कुंडीला तळाशी भोक ठेवा, मातीत थोडी वाळू मिसळा आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. महिन्याभरानं नवं पान चुरगाळून वास घ्या. माझ्या त्या चंदनाच्या कुंडीत आता तुळसच आहे, आणि दुपारपर्यंत तिच्यावर ऊन असतं.