गुन्हेगारी आणि महागणारे रावेत
पवनेकाठचे रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि आयटी कंपन्यांचे हिंजवडी जवळ, त्यामुळे शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले; जमिनी, भाडी महागली. गुन्हे वाढले की असा कायापालट मंदावतो, हे नेहमीचे गणित येथे अर्धेच लागू पडते. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या धास्तीने सधन कुटुंबे परिसर सोडतातच असे नाही. ती गेटवाली सोसायटी निवडतात. सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही, पाहुणा आला की मोबाइलवर परवानगी. हा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो आणि घर आणखी महागते. पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरू कामगाराच्या वाट्याला यातली सुरक्षा येत नाही, भाडेवाढ तेवढी येते. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. भिंतीबाहेरच्यांची भिस्त त्याच्यावरच.