बाळाचा ताप आणि घरातला जुना खोकला

परदेशात राहणारी मराठी कुटुंबं बाळाच्या जावळासाठी, उष्टावणासाठी महिनाभर गावी येऊन जातात. परतल्यावर काही आठवड्यांनी बाळाला ताप येतो, खोकला लागतो. ‘दात येत असतील’, ‘पाणी बाधलं असेल’, असं फोनवर सांगितलं जातं. दात येताना अंग जरासं कोमट लागतं, एवढंच. ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा आणि उतरायचं नाव न घेणारा ताप दातांचा नसतो. बाळ मलेरियाच्या भागातून आलं असेल, तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी हवी.

एक्स-रेत न्यूमोनिया दिसतो, अँटिबायोटिक सुरू होतं आणि तरीही ताप हटत नाही. अशा वेळी क्षयरोगाचा विचार व्हायलाच हवा.

‘बीसीजी लस दिली आहे, मग टीबी कसा होईल?’ ही समजूत सर्वांत घट्ट आहे. बीसीजी लहान मुलांना मुख्यतः मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्व शरीरात पसरणाऱ्या क्षयरोगापासून वाचवते. फुप्फुसाच्या क्षयरोगाची तशी हमी देत नाही. अमेरिकेत तर ती नेहमीच्या लसीकरणात नाहीच.

क्षयरोगासाठी त्वचेवर केली जाणारी मांटू चाचणी निगेटिव्ह आली म्हणूनही सुटका होत नाही. जंतुसंसर्गानंतर ती पॉझिटिव्ह व्हायला २ ते ८ आठवडे लागतात आणि तान्ह्या बाळात आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

बाळ थुंकी काढून देत नाही, ते कफ गिळतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी, नाकातून बारीक नळी घालून जठरातला द्राव घेतात आणि क्षयजंतूंची जनुकीय खूण शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्रावर तपासतात. आता त्यासाठी शौचाचा नमुनाही चालतो. मात्र बाळाच्या शरीरात जंतू थोडे असतात, त्यामुळे हा अहवालही निगेटिव्ह येऊ शकतो. मग एक्स-रेत फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी आहेत का, हे पाहावं लागतं आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारावा लागतो: गावी बाळाला मांडीवर कोण घेत होतं आणि त्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला होता का?

दोष बहुतेकदा विमानाला दिला जातो. जंतू मात्र बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून आलेले असतात. ‘आजोबांचा जुना दमा’ म्हणून सोडून दिलेला खोकला डॉक्टरांना सांगायला घरचे कचरतात. हा संकोच बाळाला महागात पडतो. वर्षाच्या आतल्या बाळात उपचाराविना हा संसर्ग झपाट्याने मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) अहवालासाठी आठवडे न थांबता औषधं सुरू करतात. आजोबांची थुंकीही त्याच आठवड्यात तपासायला हवी. भारतात सरकारी केंद्रांवर ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.