निर्वात नलिका श्राव्य विवर्धक : टप्प्यांचा अभिकल्प व अभिनती

ध्वनिग्राहकातून मिळणारा विद्युत् संकेत काही मिलिव्होल्ट एवढाच असतो. निर्वात नलिकांच्या साहाय्याने तो ध्वनिक्षेपक चालविण्याइतका समर्थ करणाऱ्या साधनास निर्वात नलिका श्राव्य विवर्धक म्हणतात. सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ या कंप्रतांच्या कक्षेत त्याचे विवर्धन शक्य तितके एकसारखे असावे लागते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६-०७ मध्ये ऋणाग्र व पट्टिका यांच्यामध्ये जालक अथवा ग्रिड बसविले आणि विवर्धन करू शकणारी त्रिप्रस्थ नलिका, म्हणजे ट्रायोड, निर्माण झाली.

जालकावरील दाबात अल्पसा बदल केला असता पट्टिकेकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो, हे या नलिकेचे मर्म होय. मात्र जालक ऋणाग्राच्या मानाने धन झाल्यास ते स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते व संकेताचा माथा कापला जातो. उलट ते फारच ऋण असल्यास पट्टिकाप्रवाह खुंटतो व तरंगाची दुसरी बाजू कापली जाते. म्हणून संकेत नसतानाच जालकाला एक स्थिर ऋण दाब देऊन ठेवतात. यास अभिनती किंवा बायस असे म्हणतात. अभिनती चुकली, तर पुढील कोणत्याही युक्तीने मूळ ध्वनी शुद्ध स्वरूपात परत मिळत नाही.

ईसीसी ८३ या सर्वपरिचित जोडत्रिप्रस्थाचे उदाहरण घेऊ. हिचा विवर्धनांक १०० आहे. पुरवठा २५० व्होल्ट व पट्टिका रोध १०० किलोओहम धरल्यास भाररेषा दाबाच्या अक्षावर २५० व्होल्ट आणि प्रवाहाच्या अक्षावर २·५ मिलिअँपिअर या बिंदूंना जोडते. ऋणाग्राशी १·५ किलोओहमचा रोधक घातला, तर सु. ०·८६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तेव्हा ऋणाग्र जमिनीपेक्षा सु. १·३ व्होल्ट उंच राहते. जालक जमिनीच्या पातळीवर असल्याने त्यास तेवढीच ऋण अभिनती आपोआप मिळते. पट्टिकेवर सु. १६४ व्होल्ट राहतात. पुढील टप्प्याचा जालक रोध ३३० किलोओहम असता प्रत्यक्ष विवर्धन ५० ते ५५ पट मिळते, १०० पट नव्हे. कारण नलिकेचा आंतररोध सु. ७० किलोओहम असून त्याचा वाटा वजा होतो.

ऋणाग्र रोधकाचा गुण असा की, प्रवाह वाढू लागला की अभिनतीही वाढते व प्रवाहाला आवर बसतो. पण हाच परिणाम संकेतावरही होतो आणि विवर्धन जवळजवळ निम्म्यावर येते. ते टाळण्यासाठी रोधकाला समांतर २५ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडतात. त्यामुळे सु. ८ हर्ट्‌झपर्यंत विवर्धन फारसे घटत नाही.

दोन टप्प्यांमधील युग्मन धारित्र दिसायला क्षुल्लक, पण विवर्धकाचे आयुष्य बहुधा त्याच्यावरच अवलंबून असते. ०·०२२ मायक्रोफॅराडचे धारित्र व वरील जालक रोध यांमुळे खालची मर्यादा सु. २० हर्ट्‌झ येते. मागील पट्टिकेचा एकदिश दाब अडविणे हेही त्याचेच काम. शक्ती टप्प्यात ईएल ८४ ही पंचप्रस्थ नलिका घेतली, तर २५० व्होल्टला तिची अभिनती –७·३ व्होल्ट व पट्टिकाप्रवाह ४८ मिलिअँपिअर असतो. म्हणजे पट्टिकेतील १२ वॉट व्यय हा तिच्या अनुज्ञेय मर्यादेइतकाच झाला. जुने धारित्र केवळ १० मायक्रोअँपिअर गळू लागले, तरी जालक ३·३ व्होल्टने धन दिशेस सरकते. परस्पर संवाहकता व्होल्टला ११·३ मिलिअँपिअर असल्याने स्थिर अभिनतीत प्रवाह सु. ३७ मिलिअँपिअरने वाढेल. ऋणाग्र रोधक असल्यास वाढ सु. १४ मिलिअँपिअरवर थांबते, तरीही व्यय १५ वॉटांच्या घरात जातो, पट्टिका तापून लाल होऊ शकते व नलिका अल्पावधीत निकामी होते. जालक रोधाची कमाल मर्यादा ऋणाग्र अभिनतीत १ मेगओहम, तर स्थिर अभिनतीत ०·३ मेगओहम ठेवलेली आहे, ती अशाच कारणाने : नलिकेत उरलेल्या वायूमुळे जालकातून वाहणारा सूक्ष्म प्रवाहही मोठ्या रोधात अभिनती ढळवू शकतो. दुरुस्तीच्या वेळी नलिका काढून जालकाच्या टोकाशी दाब मोजावा. तो शून्य नसल्यास दोष धारित्राचा समजावा. (पुरवठ्यातील धारित्रे वीज बंद केल्यावरही भारित राहतात व प्राणघातक ठरू शकतात, त्यांचा भार रोधकामार्फत आधी जमिनीस द्यावा.)

ईएल ८४ ला सु. ५,२०० ओहम भार लागतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी प्रदान रोहित्राच्या वेढ्यांचे गुणोत्तर म्हणून सु. २५·५ : १ येते. यातून १०% विकृतीसह ५·७ वॉट मिळतात. एकाच नलिकेचा स्थिर प्रवाह रोहित्राचा गाभा एका दिशेने चुंबकित करतो, त्यामुळे गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. पुश-पुल जोडणीत दोन नलिकांचे स्थिर प्रवाह परस्परांना छेद देतात व सम गुणित कंप्रतांची विकृतीही नाहीशी होते. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवर्धकात या जोडणीस २० डेसिबेल ऋण पुनःप्रदायाची जोड दिलेली होती. त्याचे खरे श्रेय मंडलाइतकेच उत्तम रोहित्रालाही द्यावयास हवे.

भारतात बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या उद्योगात रेडिओ ग्राहींसाठीच्या नलिकांचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले. पुढे ट्रँझिस्टरांनी त्यांची जागा घेतली. तथापि गिटार विवर्धकांसाठी व ध्वनिरसिकांसाठी रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथे अशा नलिका अद्यापि बनतात. एकाच नावाच्या नलिकांतही फरक आढळतो, म्हणून नवी नलिका बसविल्यावर ऋणाग्र रोधकावरील दाब मोजतात. ईएल ८४ च्या १३५ ओहमच्या रोधकावर तो सु. ७·२ व्होल्ट असावा.