जुना अँप्लिफायर : घ्यावा कसा, जपावा कसा

‘जुने ते सोने’ असे आपण सहज म्हणून जातो. पण सोने घेतानाही सराफाकडे त्याचा कस लावून पाहतात. जुना अँप्लिफायर मात्र आपण दुकानात एक गाणे ऐकतो आणि ‘आवाज झकास आहे’ म्हणत घरी घेऊन येतो. मीही असाच आणला, आणि आमच्या घरातील दोन स्पीकरांपैकी एक कायमचा मुका झाला. माझ्या मित्रांच्या हातून ही चूक होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्याचे असे झाले. माझे आजोबा हरिनाम सप्ताहात भजन म्हणत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात आहे. आजोबा आता नाहीत. त्यांनी हौसेने घेतलेले लाकडी पेटीचे दोन स्पीकर माळ्यावर धूळ खात पडले होते. त्याच स्पीकरांवर आजीला ती कॅसेट ऐकवावी, असे मनाने घेतले. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडून मिळाला, अडले ते अँप्लिफायरपाशी. मुदखेडहून नांदेड रेल्वेने जवळच. तेथील एका दुकानातून घासाघीस करून एक जुना अँप्लिफायर आणला. घरी आधी एक गाणे लावून पाहिले. दहा-पंधरा मिनिटे सुरेख वाजले. आजीला हाक मारली, कॅसेट बदलली, आणि तेवढ्यात ‘घुर्र’ असा आवाज होऊन एका स्पीकरमधून जळका वास आला. आजी म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाबा, तुला करंट तर नाही ना लागला?” करंट लागला नव्हता; पण मान वर करून तिच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तो अँप्लिफायर काखोटीला मारून मी आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मेकॅनिकचाचांकडे गेलो. पुढे जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या टेबलापाशी बसून शिकलो.

अँप्लिफायर म्हणजे कालव्याचे दार समजा. दार फिरवायला हाताचा थोडा जोर पुरतो, पण त्यातून पाणी मात्र धो धो वाहते. टेपमधून येणारा विद्युत्‌संदेश जेमतेम एका व्होल्टच्या आतबाहेर असतो. स्पीकर हलवायला तो अपुरा पडतो. अँप्लिफायर घरच्या विजेतून शक्ती घेतो आणि त्या दुबळ्या संदेशाच्या हुकुमाप्रमाणे स्पीकरला देतो. हे काम शेवटी जे जाडजूड पॉवर ट्रान्झिस्टर करतात, तेच कालव्याचे दार. ते शॉर्ट झाले की दार सताड उघडे राहिले म्हणायचे. मग संगीताची मागेपुढे हेलकावणारी वीज न मिळता स्पीकरला एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह मिळतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या तारेचा डीसी रोध साधारण सहा ओहम असतो. तीस व्होल्टची वीज त्यातून गेली तर पाच अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे दीडशे वॅटची अखंड उष्णता! केसासारखी बारीक तार जळणार नाही तर काय?

चाचांनी झाकण उघडले. एक ट्रान्झिस्टर कधीतरी बदललेला होता. पण त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्टीकडे नेणारा पांढरा लेप कोणी लावलाच नव्हता. त्यामुळे तो तापत तापत गेला. फ्यूजच्या जागी तर तांब्याची जाड तार! फ्यूज असता तर तो उडून स्पीकर कदाचित वाचला असता.

आता खरेदीविषयी. आपल्या भागात जुना माल मुख्यतः चार प्रकारचा दिसतो. पहिला मंडपवाल्यांकडचा. त्यात अहुजा कंपनीचे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची. हे यंत्र दणकट, दुरुस्तीलाही सोपे. पण ते बहुधा मोनो असते आणि त्याच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमबरोबर ७० आणि १०० व्होल्टची टोके असतात. ती शेवटची दोन टोके दूरवरच्या भोंग्यांसाठी; त्यांना घरचा स्पीकर चुकूनही जोडू नये. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर चार ओहम होतात, तेव्हा ४ चे टोक वापरावे. दुसरा प्रकार १९७० साली निघालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांच्या स्टीरिओचा. घरासाठी हा उत्तम. तिसरा परदेशी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादच्या कोठीतील गुजराती गल्ली येथे जाणारे तो शोधतात. मात्र जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२०, आपली २३०. पाठीवरचा आकडा न वाचता प्लग खुपसला की खेळ खलास. चौथा स्थानिक कारागिराने जोडलेला. त्याचा भरवसा कारागिराएवढाच.

‘हजार वॅट पीएमपीओ’ अशा अक्षरांना भुलू नये. तो जाहिरातीचा आकडा. आरएमएस वॅट विचारावेत. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. घरातल्या खोलीला पंधरा-वीस खरे वॅट भरपूर होतात.

परीक्षेबाबत चाचांचे सूत्र एकच : “बेटा, आवाज बाद में, पैले बल्ब.” म्हणजे अँप्लिफायर थेट विजेला न जोडता शंभर वॅटच्या, तारेच्या जुन्या बल्बमधून सिरीजने जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी दिवा येथे चालत नाही, आणि हे काम जाणत्या माणसासमोरच करावे. त्यानंतर स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजावेत. काही दशक मिलिव्होल्ट चालतात. अर्धा व्होल्ट दिसला तरी स्पीकर जोडू नये. पुढे एखादा टाकाऊ स्पीकर लावून निदान अर्धा तास वाजवावा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते का, वास येतो का, आवाज शून्यावर असताना गुणगुण ऐकू येते का, हे पाहावे. दुकानदाराला झाकण उघडायला सांगावे. तो का कू करू लागला तर नमस्कार करून निघावे.

घरी आणल्यावर निगा राखणे फारसे कठीण नाही. अँप्लिफायरचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो; अशा वेळी त्यावर विणलेला रुमाल किंवा फुलदाणी ठेवणे म्हणजे त्याला गोधडी पांघरणे. विजेची गुळगुळीत धार करणारे कपॅसिटर उन्हाने लवकर वाळतात. गुणगुण वाढली किंवा त्यांचे डोके फुगले की ते बदलावेत. बटण फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा, रॉकेल किंवा खोबरेल नव्हे. वीज गेली की स्विच बंद करावा, कारण परत येताना ती उसळून येते. सुरू करताना अँप्लिफायर शेवटी, बंद करताना आधी. आणि आत हात घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पुढे त्याच अँप्लिफायरला चाचांनी नवे ट्रान्झिस्टर, लेप आणि खरा फ्यूज बसवला. बल्बची आणि मीटरची परीक्षा झाली, अर्धा तास तो टेबलावर वाजला, मगच घरी आला. जळालेल्या स्पीकरच्या मापाचा सुटा भाग अजून मिळालेला नाही. म्हणून आजीने कॅसेट एकाच स्पीकरवर ऐकली. तसे पाहता बिघडले काहीच नाही; सप्ताहात माइक एकच होता, त्यामुळे ते रेकॉर्डिंग मोनोच. आजोबांचा आवाज सुरू झाला तशी आजीने डोक्यावरचा पदर सावरला आणि कॅसेट संपेपर्यंत ती बोलली नाही. मी मात्र अधूनमधून अँप्लिफायरवर हात ठेवून पाहत होतो. तो कोमटच होता.