विश्लेषण : नाकावरचा उंचवटा काढताना हाडे का कापतात?

नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा खरवडून टाकला की झाले, असे अनेकांना वाटते. पण हा उंचवटा म्हणजे नाकाचे छप्परच असते.

उंचवटा कशाचा असतो?

दांड्याचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा असतो. त्याखाली कूर्चा असते. दोन्हींच्या सांध्याजवळ उंचवटा दिसतो. तो बहुधा आनुवंशिक असतो, कधी जुन्या माराचा. हा आजार नव्हे. श्वास कोंडत असेल तर दोष बऱ्याचदा आतल्या वाकड्या पडद्यात असतो.

छप्पर काढल्यावर काय होते?

'राइनोप्लास्टी'त कूर्चा कापून हाड कानशीने घासतात किंवा छिन्नीने तासतात. मोठा उंचवटा काढल्यावर दांडा वरून उघडा आणि सपाट पडतो. मग दोन्ही बाजूंची हाडे मुळाशी कापून मध्ये सरकवावी लागतात. डोळ्यांखाली दिसणारे काळे-निळे डाग मुख्यतः त्याचेच.

खरी मेख कूर्चेत आहे. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यातली फट ही नाकातली हवेची सर्वांत अरुंद वाट. आधार न देता कूर्चा कापली तर ती आत बसते; नाक सरळ होते, श्वास मात्र अडतो. म्हणून अनेकदा पडद्याच्याच कूर्चेच्या पट्ट्या तिथे बसवतात. छप्पर शाबूत ठेवून अख्खा दांडा खाली आणण्याची पद्धतही आहे, पण ती प्रत्येक नाकाला चालत नाही.

सुश्रुतसंहितेतली शस्त्रक्रिया कापलेले नाक पुन्हा घडवण्याची होती. इथे धडधाकट नाकाला हात लावायचा असतो, हे विसरू नये.

निर्णयापूर्वी काय पाहावे?

चेहऱ्याची वाढ पूर्ण झालेली असावी. नाकावरची पट्टी आठवडाभराने निघते, पण अंतिम आकार दिसायला वर्ष लागू शकते. दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. सेल्फी पाहून तर ठरवूच नये. जवळून काढलेल्या फोटोत नाक आहे त्यापेक्षा मोठे दिसते.

'बिनशस्त्रक्रियेचा' उपाय म्हणून विकले जाणारे फिलर उंचवटा काढत नाही, आजूबाजूचा भाग भरून तो झाकते. ते रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते.

केवळ दिसण्यासाठीचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही. पडदाही सरळ करायचा असेल तर त्याचा खर्च वेगळा लिहून घ्यावा.