काम कधी होणार? तीन आकडे सांगा!

दोस्तांनो, वर्गाची भित्तिपत्रिका तुमच्याकडे आली. बाई विचारतात, "कधी लावणार?" तुम्ही छाती पुढे काढून सांगता, "सोमवारी, बाई!" सोमवार उजाडतो. चित्रं काढणारा तापानं फणफणलेला, गोष्ट अर्धीच लिहिलेली आणि खळ वाळून दगड! मग बाईंची बोलणी ठरलेलीच.

हसू नका, मोठ्यांचंही असंच होतं. १९६४ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं 'सिस्टिम/३६०' हे नवे संगणक जाहीर केले. त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर तयार करण्याची जबाबदारी फ्रेडरिक ब्रूक्स यांच्याकडे होती. शेकडो हुशार माणसं राबत होती, तरी काम लांबलंच. भिंतीला विटा किती लागतील ते आधी मोजता येतं. सॉफ्टवेअरमधली चूक मात्र सापडेपर्यंत कुठं दडलीय ते कळत नाही.

मग माणसं वाढवायची? तिथंच तर गंमत आहे! नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय प्रत्येकानं प्रत्येकाशी बोलायचं म्हटलं, तर तिघांत ३ जोड्या होतात, दहा जणांत तब्बल ४५! हा अनुभव ब्रूक्स यांनी १९७५ साली पुस्तकात प्रांजळपणे मांडला.

म्हणजे अंदाज बांधायचाच नाही का? बांधायचा, पण एका आकड्यावर नाही. १९५८ साली अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची पद्धत वापरली. तीत तीन आकडे असतात : सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती आणि सगळंच बिनसलं तर किती. मधल्या आकड्याची चौपट करा, दोन्ही टोकं त्यात मिळवा आणि सहानं भागा. भित्तिपत्रिकेसाठी २, ४ आणि १२ दिवस धरू. २ + १६ + १२ = ३०, भागिले ६, म्हणजे ५ दिवस. पाहिलंत? चाराचे पाच झाले! काम लवकर संपायला वाव थोडा, लांबायला मात्र भरपूर.

पण सांभाळा हं! १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रबंधाबद्दल विचारलं. अंदाज निघाला सरासरी ३४ दिवसांचा. सगळं बिनसलं तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक! म्हणून मागच्या वेळी खरोखर किती दिवस लागले, ते वहीत टिपून ठेवा. तिसरा आकडा तिथूनच घ्या.

आता बाईंनी विचारलं तर सांगा, "पाच दिवस धरा बाई, पण अडचणी आल्या तर बारा." आणि उशीर होणार असं दिसलं, की त्याच दिवशी जाऊन सांगा. सोमवारची वाट पाहू नका!